कॉम्प्युटर लवकर उठवण्याचं प्रकरण

देवानंद तायडे यांच्या घरचा कॉम्प्युटर सुरू व्हायला तेरा मिनिटं घेत असे. हा अंदाज नव्हे. चिखलीच्या एका हायस्कुलात चौतीस वर्षं नोकरी करून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस अंदाजाने बोलत नसतो. त्यांनी सलग पाच दिवस हातातलं घड्याळ काढून समोर ठेवलं होतं आणि वहीत नोंदी केल्या होत्या. सोमवार, तेरा मिनिटं दहा सेकंद. मंगळवार, बारा मिनिटं पन्नास. बुधवारच्या पुढे शेरा होता : 'नऊ मिनिटांनी पडदा काळा. बाजूला दोन चापट्या दिल्या. पूर्ववत.' वहीवर लाल शाईने 'संगणक विलंब' असं शीर्षक घालून ती पाहुण्यांना दिसेल अशी टीव्हीशेजारी ठेवली होती.

एरवी तेरा मिनिटांचं त्यांना काही वाटलं नसतं. ज्याच्या हातून गेलेली सेवापुस्तकं वरच्या ऑफिसात वर्ष वर्ष पडून राहिली आणि न उघडता परत आली, त्याला तेरा मिनिटांचं काय कौतुक? पण इथे प्रश्न आबांचा होता.

आबा म्हणजे देवानंदरावांचे वडील, पुंजाजी. वय शहाऐंशी. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांनी दगा दिला म्हणून त्यांना वरवट बकालहून चिखलीला आणलं. डोळ्यांपाठोपाठ आठवणही जायला लागली. दुपारी ते देवानंदरावांना शाळेतले मास्तर समजून नमस्कार करत. पण सकाळचा चहा पोटात गेला, की वीस-पंचवीस मिनिटं आबा अगदी लख्ख असत. तेवढ्यात जे काय विचारायचं ते विचारून घ्यायचं. नंतर पुन्हा धुकं.

आणि विचारायचं होतं फार मोठं. वरवटच्या वस्तीत बासष्ट साली पहिला विहार बांधला, तेव्हा नाल्यापासून जागेपर्यंत माणसांची रांग उभी राहिली होती आणि दगड हातोहात वर आले होते. समितीच्या जुन्या वहीत एवढंच लिहिलेलं होतं : 'एक्केचाळीस जणांनी दगड वाहिले.' नावं नव्हती. आता विहार नव्याने बांधून झाला होता, दारात नावांची शिला बसायची होती आणि त्या रांगेतलं जिवंत माणूस एकच उरलं होतं. समितीचा सचिव प्रसेनजित रोज फोन करायचा. "भाऊ, नावं झाली का? शनिवारी सकाळी मले मलकापूरले कोरणाऱ्याकडं जा लागते. नाही झाली तं जेवढी हायेत तेवढी टाकतो आन् खाली 'व इतर' लिवतो."

हा 'इतर' आबांच्या कानावर गेला होता. तेव्हा नेमकी सकाळ होती, त्यामुळे तो त्यांना पूर्ण कळला.

"दगड इतरनं नाही उचलले," आबा म्हणाले होते. "माणसाईनं उचलले."

देवानंदरावांनी त्याच दिवशी मनाशी ठरवलं, की एक्केचाळीस म्हणजे एक्केचाळीस.

आता कोणी म्हणेल, मग कॉम्प्युटर कशाला, वहीत लिहा. लिहिलं होतं. हेडक्लार्कांचं अक्षर असं, की जिल्ह्याच्या ऑफिसातले लोक दाखले हातात घेऊन बघत. पण आबांना ते दिसत नव्हतं, आणि लिहिलेलं दिसल्याशिवाय आबा पुढचं नाव सांगत नव्हते. चौथीपर्यंत शिकलेला माणूस. आपण बोललेलं कागदावर उमटलं की नाही, हे स्वतः वाचून बघायची त्यांची जुनी सवय. पाटीवर खडूने मोठं लिहून पाहिलं, तरी पांढरं-काळं सगळं एकच. मोबाइल समोर धरून आवाज भरायला जावं, तर आबा फोटो काढतायत असं समजून टोपी नीट करत आणि श्वास रोखून गप्प बसत. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मात्र उजेडातली अक्षरं भाकरीएवढी करता येत, आणि ती आबांना दिसत. 'हि-रा-म-ण' असं वाचून ते मान हलवत आणि पुढच्या माणसाकडे जात.

बरं, कॉम्प्युटर आधीच सुरू करून ठेवावा, तर त्याच्या आतला पंखा गेलेला. अर्ध्या तासात तापून तो आपला आपण बंद पडायचा. नवा पंखा 'येऊन राह्यला' होता, तीन आठवड्यांपासून. आणि आबांची उठायची वेळ कोणाच्या हातात नव्हती. कधी साडेपाच, कधी आठ. म्हणजे आबांचा चहा संपला की बटण दाबायचं, तेरा मिनिटं पडद्याकडे बघत बसायचं, आणि उरलेल्या दहा मिनिटांत जेवढी नावं निघतील तेवढी पदरात पाडून घ्यायची. त्यात आबा रोज पहिल्या माणसापासून सुरुवात करत. रांगच ती. मधूनच शिरता येत नव्हतं. नाल्यात हिरामण, त्याच्याकडून श्रावण, श्रावणकडून जंगलू, असं करत बत्तिसाव्या भिमाबाईपर्यंत दगड यायचा आणि वेळ संपायची. आठ दिवस दगड भिमाबाईच्या हातात होता.

सल्ल्यांची कमतरता नव्हती. शेजारचे जानराव, निवृत्त तलाठी, म्हणाले की यंत्र उत्तरेकडे तोंड करून ठेवलंय, मागची हवा कोंडते. तोंड फिरवलं, तर वायर पुरेना. वायर आणली, तर तिच्यात पाय अडकून जानरावच पडता पडता वाचले, आणि आधी होतं तेच बरं होतं म्हणाले. पलीकडचा गजेंद्र, ज्याचं खतांचं दुकान होतं, तो एकच उपाय सांगायचा. "फॉरमॅट मारा भाऊ. सगळं साफ." सगळं साफ म्हणजे बत्तीस नावंही का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "थे मले नाही माहीत. पण साफ होते."

शेवटी देवानंदराव बसस्टँडजवळच्या प्राची मॅडमकडे गेले. प्राची मॅडमच्या दुकानात प्रवेशअर्ज भरणाऱ्यांची रांग दारापर्यंत आलेली होती. त्यांनी एका हाताने अर्ज भरत, दुसऱ्या हाताने चहा घेत, देवानंदरावांची 'संगणक विलंब' वही चाळली.

"काका, मशीन चांगली आहे तुमची. फक्त सकाळी तिच्यासोबत लई जण उठतात. कोणी कधी काही टाकलं, की ते म्हणते मी पण सुरुवातीलाच उठीन. त्या सगळ्यायची तयारी होईपर्यंत ती बिचारी कामाले कशी लागीन? यादी उघडते बघा अशी," आणि त्यांनी कोणती बटणं दाबायची ते अर्जाच्या मागे लिहून दिलं. "जे नको ते बंद करा. डिलीट नाही करायचं. फक्त सकाळी उठवायचं नाही."

घरी येऊन देवानंदरावांनी यादी उघडली. एकोणतीस! आपल्या घरात रोज सकाळी एकोणतीस जण उठतात आणि आपल्याला पत्ता नाही, याने त्यांना मनातून धक्काच बसला. आता दुसऱ्या कोणी माणसाने पटापट टिचक्या मारून दहा मिनिटांत काम उरकलं असतं. पण ज्याने आयुष्यात शिपायाची खुर्चीसुद्धा टिपणीशिवाय हलवली नाही, तो माणूस एकोणतीस जणांना कोणाला न विचारता घरी कसा बसवेल? त्यांनी नवी वही काढली. रकाने पाडले. अनुक्रमांक, नाव, नेमणूक कोणी केली, काम काय, शेरा. आणि ज्याने ज्याने काही बसवलं होतं, त्याची त्याची लेखी ना-हरकत घ्यायची, असं ठरलं. ठरवणारे तेच, मंजुरी देणारेही तेच.

पहिला निघाला प्रिंटर. प्रिंटर भंगारात जाऊन तीन वर्षं झाली होती. कॉम्प्युटर मात्र रोज सकाळी दोन मिनिटं त्याला हाका मारत बसायचा. देवानंदरावांना जरा वाईट वाटलं, पण शेरा मारला : 'मयत. बंद.' मग मुलगी धम्मशीला पुण्याला जायच्या आधी तिने बसवलेली सात. तिला फोन लावून एकेक नाव वाचून दाखवायला सुरुवात केली, तर ती ऑफिसातून कुजबुजत म्हणाली, "बाबा, बंद करा नं सगळे! मले काऊन इचारता?"

"व्हॉट्सअपवर लेखी पाठव," देवानंदराव म्हणाले. तिने अंगठा पाठवला. अंगठा चालतो की नाही यावर ते बराच वेळ विचार करत होते. शेवटी सही न येणाऱ्याचा जसा घेतात, तसा घेतला.

गजेंद्रने मात्र ना-हरकत द्यायला साफ नकार दिला. त्याने दोन वर्षांपूर्वी देवानंदरावांच्या कॉम्प्युटरवर कापसाचे भाव दाखवणारं काहीतरी बसवलं होतं आणि रोज सकाळी तो भिंतीवरून ओरडायचा, "भाऊ, आज काय निघाला?" देवानंदराव भाव सांगायचे. देवानंदरावांकडे कापसाचं एक बोंडही नव्हतं.

"तुझ्या मोबाइलवर दिसत नाही का भाव?"

"दिसते ना."

"मग?"

"पण तुमी सांगता थो खरा वाटते," गजेंद्र म्हणाला. बरेच आढेवेढे घेऊन त्याने 'हंगाम सुरू होईपर्यंत' अशी अट घालून सही केली. जानरावांनी स्वतः बसवलेल्या पावसाच्या अंदाजाबद्दल अर्धं पान मजकूर लिहिला आणि शेवटी 'सबब हरकत नाही' म्हटलं. एक आपोआप वाजणारी बुद्धवंदना महामायाबाईंची होती. महामायाबाई म्हणजे देवानंदरावांच्या पत्नी. त्यांना ना-हरकतीचा कागद दिल्यावर त्यांनी तो डाळीच्या डब्याखाली ठेवला.

"वंदना राहील," त्या म्हणाल्या. "बाकीच्यायले घाला घरी."

"लेखी?"

"भाकर करून राह्यली मी. पिठाचा हात लावू का कागदाले?"

वंदना राहिली. शेवटी सहा नावं अशी उरली, की ती इंग्रजी आद्याक्षरांची होती आणि त्यांची नेमणूक कोणी केली हे कोणालाच सांगता येईना. ऋत्विक नावाच्या भाच्याने फोनवर हात झटकले. देवानंदरावांच्या तोंडावर ऑफिसातलं जुनं तेज आलं. त्यांनी सहाही नावांपुढे ठसठशीत लिहिलं : 'नेमणूक आदेश आढळून आला नाही. निलंबित.'

मग बटण दाबलं. घड्याळ समोर. महामायाबाई, जानराव आणि भिंतीवरून गजेंद्र, सगळे बघत होते. बावन्न सेकंद! जानरावांनी टाळी वाजवली. देवानंदरावांनी पुन्हा बंद करून पुन्हा लावला. पन्नास. पुन्हा लावला. एक्कावन्न. संध्याकाळपर्यंत त्यांनी तो अकरा वेळा लावून दाखवला आणि आल्यागेल्याला पेढे दिले. सेवानिवृत्तीच्या दिवशीसुद्धा इतका आनंद त्यांना झाला नव्हता, कारण त्या दिवशी भाषणात मुख्याध्यापकांनी त्यांचं नाव दोनदा चुकीचं घेतलं होतं.

बुधवारी सकाळी आबा सव्वासहाला उठले. चहा झाला. आबांची टोपी सापडली. आबांनी रोजच्याप्रमाणे विचारलं, "म्हैस पानी पेली का?" म्हैस पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीच गेली होती, पण देवानंदराव 'हाव' म्हणाले. "वरवटची एसटी गेली का? तू जेवला का?" हे दोन्ही रोजचे प्रश्न झाले. तोवर पडदा उजळून, वंदना होऊन, कोरं पान उघडून तयार होतं. आबा म्हणाले, "नाल्यात कोन हाये? हिरामन." देवानंदरावांनी आज आठवडाभराचं सगळं नव्याने, मोठ्या अक्षरांत लिहायचं ठरवलं होतं. त्यांनी ऐटीत बोटं टेकवली. पडद्यावर उमटलं : fgjke.k.

आबा पुढे झुकले. बराच वेळ बघत राहिले.

"हे कोन हाये?"

देवानंदरावांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा जोरात दाबून लिहिलं, कारण जोरात दाबल्याने फरक पडतो असं त्यांचं टाइपरायटरच्या काळापासूनचं मत होतं. आबा म्हणाले, "हिरामन असा नव्हता," आणि मागे टेकले. त्यांना हिरामण दिसल्याशिवाय श्रावण येईना. पंचवीस मिनिटं गेली. देवानंदरावांना प्राची मॅडमना फोन करून कबूल करावं लागलं, की निलंबित सहांपैकी एक मराठी अक्षरं उमटवणारा होता.

"काका, तो तर सगळ्यात कामाचा होता!"

"त्याचा नेमणूक आदेश नव्हता मॅडम," देवानंदराव पडत्या आवाजात म्हणाले. संध्याकाळपर्यंत त्यांनी त्याला परत कामावर घेतलं. वहीत लिहिलं : 'निलंबन कालावधी कर्तव्यकाळ समजण्यात यावा.' चूक केली तरी माणसाने न्यायाने वागावं.

गुरुवारी सगळं जमून आलं. बावन्न सेकंदांत कॉम्प्युटर, मराठी अक्षरं, समोर आबा. दगड नाल्यातून निघाला. हिरामण, श्रावण, जंगलू, सटवाजी, लंगडा किसन. अडखळला नाही. बत्तिसाव्या भिमाबाईच्या हातात आला तेव्हा देवानंदरावांनी घड्याळात पाहिलं. अजून तेरा मिनिटं शिल्लक होती. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"मंग आबा? भिमाबाईनं कोनाले देल्ला?"

आबांनी आपल्या दोन्ही तळव्यांकडे पाहिलं. टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"देल्ला ना बाप्पा पुढं."

"पुढं म्हंजे कोनाले?"

"गेला ना दगड पुढं," आबा जरा वैतागून म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघायला लागले. तेरा मिनिटं तशीच गेली. शेवटी त्यांनी विचारलं, "मास्तर, शाळा सुटली का?"

म्हणजे दोष कॉम्प्युटरचा नव्हताच. देवानंदराव दिवसभर घरात येरझारा घालत होते. संध्याकाळी त्यांच्या डोक्यात जे आलं, ते एखाद्या न शिकलेल्या माणसाच्या डोक्यात कधी आलं नसतं. त्यासाठी एका कामात यश मिळालेलं असावं लागतं आणि हातात रकाने पाडलेली वही असावी लागते. त्यांनी वहीचं नवं पान घेतलं आणि लिहिलं : 'आबा. सकाळची सुरुवातीची कामे.' एक, टोपी शोधणे. दोन, म्हशीच्या पाण्याची चौकशी. तीन, एसटीची चौकशी. चार, आपण जेवलो की नाही याची चौकशी. पाच, नाल्यापासून बत्तीस माणसं पुन्हा मोजणे. यात आबांची सगळी ताकद संपते आणि तेहतिसाव्यासाठी काही उरत नाही, हे उघड होतं. एकापुढे लिहिलं 'आधीच करून ठेवावे.' बाकी चारांपुढे 'अनावश्यक.'

शुक्रवारी सकाळी आबा उठले तेव्हा टोपी डोक्यावर आधीच होती. त्यांनी ती चाचपून पाहिली, जरा गोंधळले. चहा घेतला.

"म्हैस पानी पेली का?"

"आबा, म्हैस नाही आता. सत्त्याऐंशीतच इकली. थे राहू द्या. भिमाबाईपासून सांगा. भिमाबाईच्या हातात दगड हाये."

आबांचा चेहरा उतरला.

"इकली?" ते म्हणाले. "कोनं इकली?"

"तुमीच इकली आबा. लई दिवस झाले. भिमाबाईनं कोनाले…"

"दूध देत होती ना थे. काऊन इकली?" त्यांचा आवाज बारीक झाला. "तुही माय काही बोलली नाही?"

देवानंदरावांची आई, तानाबाई, जाऊन बारा वर्षं झाली होती. देवानंदरावांची बोटं बटणांवर होती ती तिथेच राहिली. आबा उठले, भिंत धरत धरत खाटेपर्यंत गेले आणि तोंड फिरवून पडून राहिले. दुपारी महामायाबाईंनी भाकरी कुस्करून नेली तर म्हणाले, भूक नाही. संध्याकाळी पुन्हा नेली तर म्हणाले, "ज्याच्या घरची म्हैस गेली थो जेवते का?"

देवानंदराव ओट्यावर जाऊन बसले. त्यांना इतकी लाज वाटत होती, की भिंतीवरून गजेंद्रने सवयीने काय भाव निघाला विचारलं तरी त्यांनी मान वर केली नाही. आपल्याला बापाला म्हैस आणून द्यायची नव्हती, तिला पाणी पाजायचं नव्हतं, नुसतं 'हाव' म्हणायचं होतं, आणि आपण त्या 'हाव'मध्ये काटकसर केली. महामायाबाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या. पानभर बोलतील अशी त्यांना भीती होती.

"अवो," त्या एवढंच म्हणाल्या, "त्याह्यले जठून याचं हाये तठूनच येऊ द्या ना. तुमाले कुठी जाचं हाये सकाळी?"

तेवढ्यात प्रसेनजितचा फोन आला. सकाळी दहाला गाडी. शिलेवर बत्तीस नावं आणि खाली 'व इतर नऊ.' "नाइलाज हाये भाऊ. कोरणारा थांबत नाही."

शनिवारी आबा सात वाजता उठले. देवानंदरावांनी टोपी मुद्दाम उशीखाली सरकवून ठेवली होती. ती शोधली. दोघांनी मिळून शोधली. चहा झाला. कॉम्प्युटर बावन्न सेकंदांत उठून कोरं पान उघडून बसला होता. आज त्याला थांबावं लागणार होतं.

"म्हैस पानी पेली का?" आबांनी भीत भीत विचारलं.

"पेली ना. दोन बादल्या पेली."

"दोन?" आबांचा चेहरा उजळला. "गाभन हाये थे. जास्त लागते."

"चारा बी टाकला."

"एसटी गेली का?"

"नाही अजून. वेळ हाये."

"तू जेवला का?"

"जेवलो आबा," देवानंदराव म्हणाले, आणि हे रोजचं उत्तर देताना आज त्यांच्या लक्षात आलं, की हा प्रश्न आपल्याला जगात आता एकच माणूस विचारतं.

मग दगड निघाला. नाल्यात हिरामण, मग श्रावण. घाई नव्हती. जंगलूने दगड घेताना पायावर पाडला होता आणि तीन दिवस काम बुडवलं होतं, हे नव्याने कळलं. लंगडा किसन सगळ्यांत जड दगड मागायचा, हेही कळलं. देवानंदराव लिहीत होते, आबा वाचून मान हलवत होते. साडेसातला भिमाबाई आली. आबांनी तळव्यांकडे पाहिलं. टोपी काढली, झटकली, घातली.

देवानंदरावांनी बोटं बटणांवरून उचलून मांडीवर ठेवली. दारात महामायाबाई दुसरा चहा घेऊन उभ्या होत्या. त्या आबांच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. मग त्यांनी कप खाली ठेवला, डोक्यावरचा पदर नीट केला आणि खाटेजवळ खाली बसल्या.

"आबा, तुमच्या हातात दगड कोनी देल्ला?"

आबा एकदम लाजले. शहाऐंशी वर्षांचा माणूस लाजलेला देवानंदरावांनी कधी पाहिला नव्हता.

"देल्ला ना," ते म्हणाले, "हे देवानंदच्या मायनं."

"भिमाबाईकडून तिनंच घेतला का?"

"मंग? तिनंच घेतला. तिच्या हातून म्या."

देवानंदराव आठ दिवस ज्या भिंतीवर डोकं आपटत होते, ती ही होती. आबांना काही विसरायला झालं नव्हतं. त्यांनी धर्म बदलला होता, देव सोडले होते, उपास सोडले होते, पण बायकोचं नाव तोंडाने घ्यायचं नाही ही बापजाद्यांची रीत कोणी सोडायला सांगितली नव्हती, म्हणून ती राहून गेली होती. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी तिला 'अवं' म्हटलं, 'देवानंदची माय' म्हटलं. रांगेतली नावं विचारल्यावर ते तिच्यापाशी येऊन रोज थांबत होते, आणि तिला ओलांडून पुढे जायला त्यांचं मन होत नव्हतं.

"पुढं सांगू का?" आबा म्हणाले. "म्या चंद्रभानले देल्ला. चंद्रभाननं सुखदेवले." आता दगड थांबेना. चौतीस, पस्तीस, छत्तीस. देवानंदरावांना लिहायची घाई झाली, चष्म्यावर वाफ धरली, बोटं चुकायला लागली. चाळिसावी वच्छलाबाई आणि एक्केचाळिसावा तिचा धाकटा दीर; त्याचंही नाव आबांनी सांगितलं. त्याने दगड गवंड्याच्या पुढ्यात ठेवला आणि रांग संपली. घड्याळात पावणेआठ वाजले होते. प्रसेनजितला मलकापूरला निघायला अजून सव्वादोन तास होते.

"तू बी होता तठी," आबा देवानंदरावांकडे बघून म्हणाले. "मायच्या पोटात. पन तुहं नाव नको टाकू. तू काही काम नाही केलं."

"नाही टाकत," देवानंदराव म्हणाले.

"मधातली एक जागा रिकामी हाये."

खरंच होती. तेहतिसाव्या आकड्यापुढे काही नव्हतं. देवानंदरावांनी तिथे जाऊन चार अक्षरं लिहिली. आबा पुढे झुकले, डोळे बारीक केले.

"याच्याहून मोठं होते का?"

देवानंदरावांनी अक्षर वाढवलं. आबा म्हणाले, अजून. आणखी वाढवलं. वरची भिमाबाई सरकून वर गेली, खालचे पुंजाजी खाली गेले, आणि सगळ्या पडद्यावर तेवढंच नाव उरलं. आबांनी बोट पुढे केलं. पडद्याच्या काचेवर ते एकेका अक्षरावर ठेवत, शाळेत वाचायचे तसं, मोठ्याने वाचलं.

"ता… ना… बा… ई."

वाचायला हरकत नव्हती. लिहिलेलं कोणीही वाचू शकतं. महामायाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. आबा मागे टेकले, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने, न वाचता, म्हणाले,

"तानाबाई."